श्रद्धेला साक्ष कोणाची?



परमेश्वर आहे यास प्रमाण काय, आणि ते प्रमाण डोळ्यांपुढे ठेवता येत नसेल तर त्याच्या ठायी श्रद्धा ठेवण्याचा मनुष्यास अधिकार तरी कोणता, हा प्रश्न निरूपणप्रसंगी उपदेशी घराण्यांतील तरुण आता उघडपणे विचारू लागले आहेत. काही वडीलधाऱ्यांना त्यात औद्धत्य दिसते. वस्तुतः हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. ज्या मार्गात घर, गोत, वित्त आणि गाव या सर्वांचा त्याग करून अनुसरण घ्यावयाचे असते, त्या मार्गात तर हा प्रश्न सर्वांआधी विचारला गेला पाहिजे. एका वचनावर ज्याने आपले अवघे आयुष्य ठेवले, त्याला ते वचन कोणाचे व ते का मानावे हे सांगता येऊ नये, ही गोष्ट त्याला आणि त्याच्या शास्त्राला, दोघांनाही उणेपणा आणणारी आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या शंकेचा यथामती विचार करू.

पूर्वपक्ष

शंका मांडावयाची तर ती तिच्या पूर्ण बळानिशी मांडावी. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याचे खंडन करण्यात शास्त्राची शोभा नाही. या शंकेचे आधुनिक काळातील अत्यंत कठोर रूप विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने मांडले. १८४५ साली जन्मलेल्या आणि १८७९ साली निवर्तलेल्या या अल्पायुषी पुरुषाने १८७७ मध्ये विश्वासाच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुरेशा पुराव्यावाचून एखादी गोष्ट खरी मानणे हा केवळ बुद्धीचा प्रमाद नसून नीतीचा अपराध आहे, आणि या नियमाला कोणीही अपवाद नाही, असा त्याचा सिद्धांत.

त्यासाठी त्याने दिलेला दृष्टांत आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. एका जहाजमालकाचे जहाज जुने झाले होते. देशांतर करणारी कुटुंबे त्यातून जावयाची होती. जहाज समुद्राला टिकेल की नाही, अशी शंका मालकाच्या मनात आली. तपासणी करावी तर खर्च होता. मग त्याने मनाची समजूत घातली की, इतक्या सफरी या जहाजाने सुखरूप केल्या, ही सफरही होईल. आणि परदेशी पोट भरावयास निघालेल्या या गरिबांचे रक्षण देव करील. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसला. जहाज निघाले, भर समुद्रात बुडाले, आणि मालकाने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्ड म्हणतो की, मालकाचा विश्वास मनापासूनचा होता, म्हणून तो निर्दोष ठरत नाही. कारण असा विश्वास ठेवण्याचा अधिकारच त्याला नव्हता. इतकेच नव्हे तर जहाज सुखरूप पोचते तरीही त्याचा दोष तिळमात्र कमी होत नव्हता. हे लिहिणारा क्लिफर्ड स्वतः १८७० साली सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी जात असता सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेला होता. तेव्हा हा दृष्टांत केवळ घरात बसून रचलेला नव्हता.

या दृष्टांतातला आक्षेप आपल्या दारापर्यंत येतो. मालकाने शंका दाबली, देवाचे नाव घेतले आणि दुसऱ्यांचे प्राण पणाला लावले. श्रद्धेच्या नावाखाली असे होते की नाही? होते. अंगात येण्याच्या, गंड्यादोऱ्यांच्या आणि स्वतःला अवतार म्हणविणाऱ्यांच्या नादी लागून लोकांची घरे धुऊन निघालेली आपण पाहतो. त्या प्रत्येक ठिकाणी 'श्रद्धा ठेवा, विचारू नका' हेच वाक्य ऐकू येते. तेव्हा क्लिफर्डचा आक्षेप नास्तिकाचा म्हणून झटकून टाकणे आपल्याला परवडणारे नाही.

तीन समाधाने आणि त्यांची परीक्षा

या आक्षेपाला पाश्चात्त्य विचारवंतांनी दिलेली तीन समाधाने प्रसिद्ध आहेत. ती आपल्याकडील दर्शनांच्या परिभाषेत ठेवून पाहिली म्हणजे त्यांचे बळाबळ स्पष्ट होते.

पहिले समाधान क्लिफर्डच्याही दोन शतके आधीचे, फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कल याचे. त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली प्रसिद्ध झालेल्या चिंतनिकांत ते येते. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही. मग पैज लावल्यासारखा हिशेब करावा. देव आहे असे धरून चाललो आणि तो असला तर लाभ अनंत. नसला तर गमावले ते थोडेच. म्हणून आहे असेच धरावे. युक्ती चतुर आहे. परंतु आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता हा व्यवहार देवताभक्तीचा झाला. फळाची अपेक्षा धरून जे भजन होते त्याची धाव देवतांच्या फळापर्यंतच. परमेश्वराची भक्ती अनन्य आणि निष्काम असावी लागते. शिवाय लाभ मोठा दिसला म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही. जहाजमालकानेही लाभाचाच हिशेब केला होता.

दुसरे समाधान अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याचे. १८९६ साली त्याने दिलेल्या व्याख्यानात क्लिफर्डला थेट उत्तर आहे. जेथे निवड खरोखर जिवंत आहे, टाळता येण्याजोगी नाही, आयुष्याला वळण देणारी आहे आणि केवळ बुद्धीने तिचा निर्णय होत नाही, तेथे मनुष्याला विश्वासाने पाऊल उचलण्याचा हक्क आहे, असे तो म्हणतो. समोरचा माझा मित्र आहे याचा पुरावा मिळेपर्यंत मी त्याच्याशी अलिप्तपणे वागलो तर ती मैत्री कधी होणारच नाही. काही सत्ये आधी विश्वास टाकणाऱ्यालाच कळतात. आपल्याकडे नैयायिकांनी प्रवृत्तिसामर्थ्य म्हणून जे सांगितले त्याच्या हे जवळचे आहे. दूर पाणी दिसले. ते पाणी की मृगजळ, हे येथे बसून ठरत नाही. चालत जावे, ओंजळीत घ्यावे, तहान भागली म्हणजे ते ज्ञान खरे होते असा निश्चय होतो. जेम्सचे म्हणणे पुष्कळ अंशी ग्राह्य आहे. परंतु त्यात एक धोका आहे. इच्छा प्रबळ असली म्हणजे मनुष्य मृगजळाकडेही पळतो. स्वतः जेम्सने पुढे १९०७ साली आपल्या त्या व्याख्यानाचे नाव चुकले, ते विश्वासाच्या इच्छेविषयी नसून विश्वासाच्या हक्काविषयी होते, अशा आशयाची पुस्ती जोडली, ती याच कारणाने महत्त्वाची.

तिसरे समाधान १९८३ साली आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन पंडिताने विस्ताराने मांडले. काल मी जेवलो ही आठवण, समोरच्या माणसाला माझ्यासारखेच मन आहे ही जाणीव, या गोष्टी आपण पुरावा गोळा करून मानत नाही. त्या मुळातच मानलेल्या असतात आणि तसे मानण्यात कोणताही दोष नाही. ईश्वरावरील विश्वासही तसाच मूलभूत असू शकतो, असे त्याचे म्हणणे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्याशी याचे साम्य आहे: ज्ञान झाले की ते प्रमाणच, जोवर त्याचा बाध होत नाही तोवर. परंतु यावरची शंकाही उघड आहे. मग कोणीही उठावे, वाटेल ती कल्पना मूलभूत म्हणावी, आणि पुरावा मागणाऱ्याला गप्प करावे! प्लँटिंगाने या शंकेला उत्तर दिले आहे, परंतु साधकाच्या मनाचे समाधान तेवढ्याने होत नाही.

सारांश, पहिल्या समाधानात व्यापार आहे, दुसऱ्यात धाडस आहे, तिसऱ्यात शांतता आहे. पण तिघांनीही एक गोष्ट कमीअधिक प्रमाणात मान्य करून टाकली आहे, ती म्हणजे हाती पुरावा नाही. आपला प्रश्न येथूनच सुरू होतो. पुरावा म्हणजे काय?

साक्ष हे प्रमाण

पुरावा म्हणजे प्रत्यक्ष, असे चार्वाक म्हणतो. अनुमानही प्रमाण, असे वैशेषिक व बौद्ध म्हणतात. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत अनुमानाच्या बळावर ईश्वरसिद्धी केली; उलट वेद मानणाऱ्या मीमांसकांनीच जगत्कर्त्या ईश्वराचे अनुमान नाकारले. आपल्या शास्त्राची भिस्त या वादावर नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. त्यांत जीव अविद्येने बद्ध. बद्ध जीवाने आपल्या बळावर तर्काची शिडी रचून परमेश्वरापर्यंत पोचावे, ही गोष्ट सिद्धांतालाच धरून नाही. परमेश्वर कृपेने अवतार स्वीकारतो आणि तोच ज्ञान देतो. म्हणून आपल्याकडे मुख्य प्रश्न अनुमानाचा नसून साक्षीचा आहे: ज्यांना सन्निधान लाभले त्यांनी जे पाहिले, ऐकले आणि सांगितले, त्याचा.

साक्ष ही दुय्यम गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. आपली जन्मतारीख, आपले आईबाप, कधी न पाहिलेले देश, शतकांपूर्वीच्या घटना, औषधाचा गुण, या बहुतेक गोष्टी आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच जाणतो. न्यायशास्त्राने आप्तवाक्य हे स्वतंत्र प्रमाण मानले. आप्त कोण? ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू असल्याचे म्हटले. म्हणजे आप्तपणा जातीने येत नाही. तो जाणण्याने आणि खरेपणाने येतो.

क्लिफर्डही साक्ष नाकारीत नाही. उलट याच ठिकाणी त्याने आपला तीक्ष्ण बाण ठेवला आहे. तो म्हणतो, एखाद्या धर्मप्रवर्तकाचे शील थोर होते, एवढ्याने तो खोटे बोलत नव्हता हे सिद्ध होईल. पण जे तो सांगतो ते जाणण्याचे साधन त्याच्यापाशी होते, हे कसे सिद्ध होणार? प्रामाणिक मनुष्यही चुकतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालता येत नाही.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी दृष्टांतपाठातील जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आठवावा. ज्याच्या हाती पाय लागला तो हत्तीला खांब म्हणतो, ज्याच्या हाती कान लागला तो सूप म्हणतो; सर्व हत्ती काय तो डोळसालाच ठाऊक. आता हाच दृष्टांत एक पाऊल पुढे नेऊन आपण विचार करू. जात्यंधाने डोळसाला ओळखावे कसे? दृष्टी म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. मार्ग एकच आहे. डोळस म्हणतो, 'तू जेथे उभा आहेस तेथून दोन पावले डावीकडे ये, हात वर कर, तुला सुपासारखे काही लागेल. आणखी चार पावले जा, खराट्यासारखे लागेल.' आंधळा जातो, हात लावतो, आणि सांगितले तसेच लागते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा लागते. आता संपूर्ण हत्ती त्याला दिसला काय? नाही. परंतु सांगणाऱ्याला दिसते, असे मानण्यास त्याच्यापाशी आधार आला. जे हाताच्या टप्प्यात आहे तेथे वचन खरे उतरले, म्हणून जे टप्प्याबाहेर आहे तेथेही त्याच वचनावर भरवसा ठेवणे हे आता आंधळेपण राहत नाही.

हाताच्या टप्प्यातले काय, तर आपले स्वतःचे चित्त. स्थानाचा, अन्नाचा, माणसांचा संबंध जीवाला कसा बांधतो. एका गावी फार दिवस राहिले की मन तेथे कसे मूळ धरते. हिंसेने आणि मानाने चित्त कसे मळते. अटन, विजन, भिक्षाभोजन आणि स्मरण यांनी ती गाठ कशी सैल होते, हे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिले आहे. हे ताडून पाहावयास परमेश्वर दिसावा लागत नाही. ज्याने आचरण केले त्याला ते येथेच पडताळून पाहता येते. ही परीक्षा अपरोक्ष ज्ञानाची जागा घेत नाही, ते ज्ञान परमेश्वराच्याच हाती आहे. परंतु सांगणाऱ्याला खरोखर दिसत होते काय, या क्लिफर्डच्या प्रश्नाला आपल्यापाशी एवढे उत्तर निश्चित आहे.

साक्ष जपण्याची रीत

आता साक्षीची दुसरी बाजू. ती आपल्यापर्यंत बिनघोट आली काय? येथे म्हाइंभटांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. म्हाइंभट हे विद्येचा अभिमान असलेले शास्त्री. ते काही भोळेपणाने मार्गात आले नाहीत. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी लीळा एकत्र करण्याचे काम अंगावर घेतले. श्रीनागदेवाचार्यांना विचारले, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांना गाठले, कोणत्या गावी, कोणासमोर, कोणत्या प्रसंगी हे घडले ते टिपले. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा सिद्ध झाली, असे परंपरा सांगते. त्यामुळे पाठभेद झाले. मग आपल्या पूर्वजांनी काय केले? सोयीचा पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले काय? नाही. एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी पडली तेथे ती 'वासना' म्हणून नोंदविली, नव्याने कळले ते 'शोधु' म्हणून जोडले. स्थानपोथीने कोणते स्थान कोठे, हे दिशेसह लिहून ठेवले.

ज्याला फसवावयाचे असते तो भेद लपवितो. ज्याला साक्ष जपावयाची असते तो भेद लिहून ठेवतो. आपल्या पोथीतील 'वासना' हा शब्द म्हणजे श्रद्धेतील उणीव नव्हे, तो श्रद्धेचा प्रामाणिकपणा आहे. जहाजमालकाने शंका दाबली. आपल्या पूर्वाचार्यांनी शंका समासात लिहून पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली.

तीच गोष्ट भाषेची. श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृताचा आग्रह धरणाऱ्या पंडितांना मराठीतच बोलण्यास लावले, कारण अन्यथा म्हाताऱ्याकोताऱ्या बायाबापुड्या निरूपणाला मुकल्या असत्या. याचा एक अर्थ असाही आहे की, जे वचन ऐकणाऱ्याला कळते त्यालाच तो प्रश्न विचारू शकतो. महदाइसा सदैव काही ना काही विचारीत असत, आणि त्यांच्या विचारण्यामुळे किती निरूपण आपल्याला लाभले! प्रश्न हा आपल्याकडे अश्रद्धेचे चिन्ह कधीच नव्हता.

कोणाचे पण आणि कोणाची हानी

एक भेद अखेरीस सांगितला पाहिजे, कारण सर्व विवेचनाचे मर्म त्यात आहे. जहाजमालकाच्या विश्वासात धोका प्रवाशांचा होता आणि विम्याचा पैसा त्याचा. अनुसरण घेणाऱ्याच्या श्रद्धेत याच्या उलट आहे. तो पणाला लावतो ते स्वतःचे घर, स्वतःचे सुख, स्वतःचे वार्धक्य. ज्या श्रद्धेचे मोल श्रद्धाळू स्वतः देतो तिच्याविषयी इतरांना फार तर कीव वाटेल, तिला अपराध म्हणता येणार नाही. परंतु जेव्हा आपण दुसऱ्याला उपदेश देतो, एखाद्या तरुणाला अनुसरणाची वाट दाखवितो, किंवा वासनिकाच्या घरात आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतो, तेव्हा आपण दुसऱ्याला नावेत बसवीत असतो. तेथे क्लिफर्डचा नियम आपल्याला लागतो, आणि तो लागला पाहिजे. जे शास्त्रात नाही ते शास्त्राच्या नावावर सांगू नये. स्मरण करा म्हणावे, पण वैद्याला बोलावू नका असे म्हणू नये. कोणाच्या शंकेला 'तुझी योग्यता नाही' एवढेच उत्तर देऊन त्याला उठवून लावू नये.

आणि ज्याला ही साक्ष पटत नाही त्याचे काय? त्याने आचरण करून पाहिलेले नाही, म्हणून त्याला ती पटावीच अशी सक्ती करण्याचा आपल्याला अधिकार नाही. साक्षीने मानण्याचा हक्क मिळतो, मनविण्याचा मिळत नाही. ज्ञान परमेश्वर देतो. आपल्या वादाने ते कोणाला दिले जात नाही. न मानणारा प्रामाणिक असेल तर तो, शंका दाबून मानणाऱ्यापेक्षा, सत्याच्या अधिक जवळ उभा आहे, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा प्रमाणावाचून श्रद्धा योग्य काय, याचे उत्तर असे: नाही, योग्य नव्हे. परंतु आपली श्रद्धा प्रमाणावाचूनची नाही. तिला ज्यांनी पाहिले त्यांची साक्ष आहे, ती साक्ष भेदांसह जपणाऱ्यांचा प्रामाणिकपणा आहे, आणि हाताच्या टप्प्यात ती खरी उतरते काय हे पाहण्यास आपले स्वतःचे आचरण आहे. या तिहींपैकी पहिल्या दोन गोष्टी पूर्वजांनी केल्या. तिसरी केवळ आपल्याकडे उरली आहे. आपण आचरण सोडले तर पुढच्या पिढीपुढे नुसती पोथी राहील, आणि पोथी पाहून जर कोणी विचारले की, 'हे खरे कशावरून?', तर बोट दाखवावयास कोणी जिवंत माणूस उरणार नाही. म्हणून त्या तरुणांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर शास्त्रात आहे. उरलेले अर्धे आपल्या भिक्षेच्या झोळीत, आपल्या बोलण्यात आणि आपल्या वागण्यात त्यांना दिसले पाहिजे.

दंडवत प्रणाम.